बाटलीत काय आहे, हे कोण तपासतं?

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि वाईन ही दारू की शेतमाल, यावर महाराष्ट्रात रान उठलं. विक्री कुठे व्हावी यावर सगळे बोलले. बाटलीवर लिहिलंय तेच आत आहे याची हमी कोण देणार, हे कुणी फारसं विचारलं नाही. इटलीत राहताना मला तोच प्रश्न आधीचा वाटतो.

वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांताची बारोलो ही लाल वाईन घ्या. ठरलेल्या 11 गावांतलीच द्राक्षं, जात फक्त नेब्बिओलो, उत्पादन हेक्टरी जास्तीत जास्त 8 टन. तोडणीच्या वर्षातल्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने मुरवायची, त्यातले किमान 18 लाकडी पिंपात; रिझेर्वा म्हणायची तर 62 महिने. बाटलीत भरण्याआधी प्रयोगशाळेची तपासणी आणि चव घेणाऱ्यांची समिती. मग बुचावर क्रमांक असलेली सरकारी पट्टी. इटलीत वाईनचे असे चार वर्ग, नियम जितके कडक तितका वर्ग वरचा. या सर्वांत वरच्या वर्गाला डीओसीजी म्हणतात, म्हणजे मूळ ठिकाण नियंत्रित आणि हमी दिलेलं. खाली डीओसी, त्याखाली आयजीटी आणि तळाला साधी वाईन.

इतकी मुदत का? नेब्बिओलोची साल तुरट. रस सालींसकट दोन-तीन आठवडे आंबतो आणि सालींचा तुरटपणा त्यात उतरतो. हा सगळा तुरटपणा मऊ पडायला वर्षं लागतात. घाई केली की घोट जिभेला खरवडतो.

पण वर्ग म्हणजे दर्जा नव्हे. तोस्काना प्रांतातल्या किआंती वाईनच्या जुन्या नियमांत लाल वाईनमध्ये पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं. त्याच प्रांतातल्या बोल्गेरीची सास्सिकाया ही वाईन मुख्यतः काबेर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच द्राक्षाची. 1968 च्या हंगामापासून बाजारात आलेली ही वाईन नियमात बसेना, म्हणून कितीतरी वर्षं कागदोपत्री तळाच्या वर्गात आणि किमतीत सगळ्यांच्या वर राहिली. आयजीटी हा वर्ग 1992 च्या कायद्याने आला, तो अशा वाईनींना जागा द्यायला. आणि 1986 मध्ये इटलीत स्वस्त वाईनीत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळल्याने वीसहून अधिक माणसं दगावली. कायदा तेव्हाही होता, तपासणी तोकडी पडली.

आपल्याकडे 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे. अकलूजला तर सांजोव्हेसे ही इटलीचीच द्राक्षाची जात पिकते. पण इटलीची शिडी जशीच्या तशी उचलू नये. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, थंडी पडायच्या तोंडावर. नाशिकला ती जानेवारी ते मार्च, म्हणजे आंबवण होते ती ऊन चढत असताना. टाकी 35 अंशांच्या वर गेली की यीस्ट मरतं, साखर अर्धवट राहते आणि जिवाणूंचं फावतं. तेव्हा पिंपातले महिने मोजण्याआधी नाशिकच्या नियमात टाकीच्या तापमानाची नोंद सक्तीची हवी. सोबत द्राक्षाची जात, गाव, तोडणीचं साल आणि बाटलीचा क्रमांक. सुपरमार्केटचा निर्णय त्यानंतर.