टीव्ही घ्यायचाय? आधी भिंतीवर टकटक करा

सेल सुरू झाले की माझ्या व्हॉट्सअपवर टीव्हीच्या लिंका पडायला लागतात. मामा, शेजारचे काका, ऑफिसमधली पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच, "हा घेऊ का?" सोबत किंमत आणि कुठल्यातरी कार्डची ऑफर. मी उलट विचारतो की बसून बघणार कुठून आणि भिंत कशाची आहे, की समोरून पाच मिनिटं शांतता आणि मग, "भिंत कशाची म्हणजे? भिंतीचीच भिंत!"

तर आज सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो. माझ्या मते टीव्ही दुकानात उभं राहून निवडायची वस्तूच नाहीये. तो घरी सोफ्यावर बसून, हातात टेप घेऊन ठरवायचा, दुकानात फक्त पैसे द्यायला जायचं. कारण दुकानात जे दिसतं ते घरी कधीच दिसत नाही. तिथे वर पांढऱ्याफेक लाइटी, टीव्ही रंग भडक करणाऱ्या व्हिव्हिड मोडवर, ब्राइटनेस फुल, आणि समोर चालू काय तर पोपट, समुद्र, कापलेली फळं आणि हळूहळू पडणारा मध. तो डेमो मुद्दाम बनवलेला असतो, त्यात वाईट दिसणारा टीव्ही मला तरी अजून दिसला नाही. सेल्समनला सांगा, दादा, जरा साधं केबलचं चॅनल लावा, नाहीतर यूट्यूबवर एखादा जुना मराठी सिनेमा लावा. तो हमखास म्हणणार, सर इथे केबल नाही आणि नेट स्लो आहे.

आता तुम्ही म्हणाल एवढा विचार कशाला, स्वस्त झालेत की. झालेत खरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून ४३ घ्यायला निघालेला माणूस ५५ घेऊन येतो, ५५ वाला ६५ कडे बघायला लागतो. हॉल मात्र तेवढाच आहे हो. दहा बाय चौदाचा.

जरा आकड्यात जाऊ, कंटाळू नका. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, साधारण २१ लाख ठिपके, म्हणजे पिक्सेल. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, साधारण ८३ लाख, बरोब्बर चौपट. ऐकायला भारी वाटतं. पण नॉर्मल नजर असलेल्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही, त्याच्या खाली शेजारचे दोन ठिपके मिळून एकच दिसतात. हा हिशोब ५५ इंची स्क्रीनला लावला तर सात फुटांच्या पलीकडून साध्या फुल एचडीचे ठिपकेसुद्धा वेगळे दिसत नाहीत, ४३ इंचाला तर साडेपाच फुटांच्या पलीकडेच संपलं. म्हणजे दहा फुटांवरच्या दिवाणावर बसून ४३ इंची ४के बघताना त्या जादा ६२ लाख ठिपक्यांचं तुम्ही काय करताय ते तुम्हालाच माहीत. ४केच्याही चौपट ठिपक्यांच्या ८के वर तर मी बोलतच नाही, तेवढं दाखवायला आपल्याकडे आहे काय?

याचा अर्थ ४के घेऊ नका असा नाही. ५५ मधे दुसरं काही मिळतच नाही जवळपास. अर्थ एवढाच की ४के या शब्दासाठी वेगळे पैसे मोजू नका, ते आता फुकटात आल्यासारखंच आहे. पैसे मोजायचे तर पॅनल (म्हणजे चित्र दाखवणारा खुद्द पडदा), ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टसाठी मोजा.

आणि घरात लागतं काय ते बघा की. आई सेटटॉप बॉक्सवर मालिका बघते, पॅक साधा, एचडीचा घेतलेला नाही कारण "दिसतंय की नीट". त्या साध्या चॅनलचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ चं, म्हणजे सव्वाचार लाखांहूनही थोडे कमीच ठिपके. ते ८३ लाखांच्या स्क्रीनवर ताणायचं तर वीस ठिपक्यांतला एकच खरा येतो आणि उरलेले एकोणीस टीव्ही स्वतःच्या मनाने भरतो! म्हणून नवीन टीव्ही आल्यावर पहिल्याच संध्याकाळी घरात "जुन्यावर जास्त चांगलं दिसायचं" हे वाक्य येतं, आणि ते खोटं नसतं, जुन्या २९ इंची डब्यावर ते चित्र ताणलंच जात नव्हतं. टीव्ही बदलण्याआधी चॅनलचा पॅक बदला, महिन्याला थोडेच जास्त जातात. नेटफ्लिक्सवर खरं ४के हवं तर वरचा प्लॅन लागतो आणि ते स्वतः १५ एमबीपीएस स्पीड लागेल म्हणून सांगतात. वायफायचा राउटर बेडरूममधे कपाटाच्या मागे असेल तर तोही बाहेर काढा.

पॅनलचं थोडक्यात. क्यूएलईडी म्हणजे साधा एलसीडीच, मागून लाइट आणि मधे रंग सुधारणारा एक थर, नावात एका शेपटीचा फरक करून लोकांना तो ओएलईडीचा भाऊ वाटावा अशी सोय केलेली आहे. ओएलईडीमधे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरा काळा. सुंदर दिसतो, वादच नाही. पण आपल्या हॉलमधे टीव्ही चालू असताना ट्यूबलाइट बंद असते का कधी? स्वयंपाकघरातून कोणीतरी ये-जा करतंय, पोरं अभ्यासाला बसलीत, तो काळा रंग बघणार कोण? वर ज्या घरात बाबा सकाळपासून बातम्यांचं चॅनल लावून बसतात तिथे ती खालची लाल ब्रेकिंगची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तासन्तास एकाच जागी, ओएलईडीवर त्याची सावली कायमची उमटायचा धोका असतो. अशा घरात मी नको म्हणतो. एलसीडीमधेही आयपीएस पॅनल बाजूने बसलेल्यांना बरं दिसतं, व्हीए समोरून जास्त गडद आणि छान दिसतं. आपल्याकडे निम्मी माणसं बाजूच्या दिवाणावर आडवी पडून बघतात, तेव्हा दुकानात टीव्हीसमोर उभे राहू नका, बाजूला जाऊन तिरके बघा, लोक हसले तर हसू दे.

आता मुख्य राग. उंची.

आपल्याकडे टीव्ही देवाच्या फोटोसारखा लावतात. मान वर करून दर्शन घ्यायचं. कुठल्याही नव्या फ्लॅटमधे जा, टीव्हीचा मधला भाग जमिनीपासून पाच फुटांवर, आणि घरातले सगळे सोफ्यावर बसून वर बघतायत, मग आठवड्याने मानेला बाम. असं का होतं यावर मी बराच विचार केलाय आणि माझ्या मते उंची ठरवतो बिल्डरचा प्लग पॉइंट. तो इलेक्ट्रिशियनने आपल्या हाताला सोयीचा म्हणून वर ठेवलेला असतो, मग पॉइंट झाकायला टीव्ही तिथेच, मग टीव्हीखाली रिकामं दिसतं म्हणून त्याखाली युनिट, आणि अख्खं घर त्या एका प्लगभोवती उभं राहतं. कंपनीचा माणूस येतो तो घाईत, त्याला अजून चार घरं करायची असतात, तो पेन्सिलीने खूण करून विचारतो, "साहेब, इथे लावू ना? सगळे इथेच लावतात." आणि आपण हो म्हणतो.

सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंचांवर असतात. स्क्रीनचा मध्य तिथे यायला हवा. ५५ इंची टीव्ही ४८ इंच रुंद आणि जेमतेम २७-२८ इंच उंच असतो, म्हणजे खालची कड जमिनीपासून २८ इंचांवर. हे ऐकल्यावर प्रत्येक जण म्हणतो "एवढं खाली?" हो, एवढं खाली. आजी खाली सतरंजीवर बसून बघत असेल तर अजून थोडं खाली. घरात दोन वर्षांचं पोर असेल तर चार-सहा इंच वर घ्या, त्याच्या हाताला लागू नये म्हणून, पण पाच फूट नाही. बाकी लहान मूल असलेल्या घरात भिंतीवर लावलेला टीव्ही मला कधीही बरा वाटतो, दोन बारीक पायांवर उभा केलेला ५५ इंची टीव्ही पोराने ओढला तर अंगावर येतो. विश्वास बसत नसेल तर जुने पेपर चिकटवून चार फूट बाय सव्वादोन फुटांचा चौकोन करा, भिंतीवर लावा आणि एक संध्याकाळ त्याच्यासमोर बसून चहा घ्या. पॉइंट खाली आणायला लागतोय तर आणा, झिरी मारून प्लास्टर करायचं काम आहे, जन्मभर मान वर करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आणि आता ती टकटक, म्हणजे भिंत कशाची आहे ते बघायचं. भिंत विटेची असेल तर काळजी नाही, प्लास्टिकची गिट्टी आणि चांगला स्क्रू बास. नव्या टॉवरमधे मायवानच्या भिंती असतात, अख्ख्या काँक्रीटच्या, तिथे लागतं अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा लोखंडी बोल्ट) आणि दमदार ड्रिल, मधे सळई लागली तर जोर न करता भोक सरकवायचं, आणि सोसायटीची परवानगी आधी काढायची कारण त्या भिंतीवर इमारत उभी असते. सगळ्यात जास्त फसवतो तो एएसी ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. हलका, भुसभुशीत. त्यात ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारत फिरायचा मोड, चालू ठेवला की भोक पसरतं, आणि साधी गिट्टी आज घट्ट बसली तरी काही महिन्यांत ढिली पडते. तिथे हॅमर बंद, बिट बारीक, लांब नायलॉनचे प्लग किंवा केमिकल भरून बसवलेले अँकर. टकटक करूनही भिंत कशाची ते कळत नसेल तर ड्रिलमधून पडणारी भुकटी बघा. लाल असेल तर वीट, करडी आणि ड्रिल किंचाळत असेल तर काँक्रीट, पांढुरकी मऊ पिठासारखी असेल तर ब्लॉक, आणि तांबूस खडबडीत असेल तर तुम्ही कोकणात आहात.

चिऱ्याचं, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाचं, वेगळंच प्रकरण आहे. जांभा वरून कडक दिसतो पण आत भोकं भोकं, कुठे दगड तर कुठे माती, त्यामुळे भोक पाहिजे त्यापेक्षा मोठं होतं आणि गिट्टी गोल फिरत राहते. तिथे केमिकल अँकर, नाहीतर गवंड्याला बोलवून सिमेंटमधे ठोकळा बसवून घ्यायचा आणि तो पूर्ण वाळल्यावरच टीव्ही चढवायचा. जुन्या मातीच्या भिंतीवर तर लावूच नका, टेबलावर ठेवा, छान दिसतो.

पावसाचंही बघा. पश्चिमेच्या भिंतीला झड लागते, चार महिने ओल असते, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला बारा महिने. टीव्हीच्या पाठीमागे हवा खेळत नाही, तिथे ओल धरली की मागचे कनेक्शन गंजायला लागतात, किनाऱ्यालगतच्या गावात तर खाऱ्या हवेने अजून लवकर. आणि सध्या ते चारकोल पॅनल आणि पीव्हीसीच्या पट्ट्यांचं फॅड आलंय, दिसायला झकास, पण आतून पोकळ. स्क्रू त्या पट्टीत नाही, पट्टी ओलांडून भिंतीत गेला पाहिजे, म्हणजे स्क्रूची लांबी तेवढी जास्त. प्लायवर लावत असाल तर आधी तो प्लाय कशावर उभा आहे ते सुताराला विचारा.

ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या मागच्या चार भोकांचं अंतर बघा, २०० बाय २००, ३०० बाय ३००, ४०० बाय ४०० मिलिमीटर असं असतं, त्याला व्हेसा म्हणतात. सोबत आलेला स्क्रू लांब वाटला तर जोर लावून पिळू नका, आत पॅनल आहे. बाहेर ओढून फिरवायचा हात असलेलं ब्रॅकेट सगळ्यांना हवं असतं आणि मी सगळ्यांना विचारतो, फिरवणार कोण? १५ किलोचा टीव्ही भिंतीला चिकटून असतो तोवर वजन सरळ खाली जातं, हात दीड फूट बाहेर काढलात की तेच वजन वरचे दोन स्क्रू भिंतीतून उपटायला बघतं. ब्लॉकच्या भिंतीवर तर नकोच. खिडकीचा उजेड पडत असेल तर थोडं झुकणारं साधं ब्रॅकेट घ्या.

वायरींसाठी भिंतीत एचडीएमआय केबल (सेटटॉप बॉक्सपासून टीव्हीला चित्र आणि आवाज नेणारी) पुरून ठेवू नका, उद्या ती खराब झाली किंवा नवी लागली की भिंत फोडा. दोन इंची पाइप टाका, वळणं गोल ठेवा, आत ओढायला एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. अर्ध्या इंची पाइपातून एचडीएमआयचं तोंड जात नाही हे इंटिरियरवाल्याला काम चालू असतानाच सांगायला लागतं. साउंडबार घेणार असाल, आणि पातळ टीव्हीचा आवाज ऐकून घ्यालच, तर टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा, एआरसी लिहिलेला पोर्ट कुठला ते बघून तिथली वायर आधीच टाका. सेटटॉप बॉक्स कुठे ठेवणार हे तर कोणीच ठरवत नाही, मग तो टीव्हीमागे वायरला लटकतो आणि रिमोट त्याला दिसतच नाही.

तर इनबॉक्समधे लिंक पाठवणार असाल तर सोबत हॉलचा फोटो, सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं माप आणि भिंत कुठल्या दिशेची ते पाठवा. मामा, तुमच्या भिंतीमागे बाथरूम आहे, तुम्हाला मी आधीच नाही म्हणालोय.