दिसली ती धावपट्टी आपलीच, असं नसतं

नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे-खारघरच्या ग्रुपांवर एक विनोद सारखा फिरतोय. सहारला उतरायचं विमान चुकून इथेच उतरलं तर टॅक्सीचे पैसे वाचतील, असा. विनोदाचं काही नाही, पण त्याखाली ठरलेली कमेंट येते: "जीपीएसच्या जमान्यात पायलट विमानतळ चुकेलच कसा?" चुकतो. आपल्या मुंबईतच दोनदा चुकलाय.

जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी (म्हणजे आजच्या मुंबई विमानतळाऐवजी) शेजारच्या छोट्या जुहू विमानतळावर उतरलं. तिथून ते बाहेर काढायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ त्याच जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. माणसं वाचली, विमान मात्र कायमचं निकामी झालं. समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून येताना जुहू आधी लागतं आणि सांताक्रूझ त्याच्या जेमतेम चार किलोमीटर पुढे. धावपट्टीचा नंबर म्हणजे तिची चुंबकीय दिशा भागिले दहा. जुहूची ०८, सांताक्रूझची ०९. हा दहा अंशांचा फरक कॉकपिटमधून नुसत्या नजरेला कळत नाही, कारण आडव्या वाऱ्यात विमानाचं नाक तसंही पाच-सात अंश वळलेलं असतं.

जुनी यंत्रं होती म्हणून झालं, असं म्हणाल तर १२ जानेवारी २०१४ घ्या. साउथवेस्टचं बोइंग ७३७ अमेरिकेत ब्रॅन्सनला निघालं होतं. परवानगी धावपट्टी १४ ची होती. उतरलं शेजारच्या छोट्या विमानतळाच्या धावपट्टी १२ वर, जिची लांबी ११४० मीटरच्या आसपास. कचकचून ब्रेक लावले म्हणून टोकाच्या आत थांबलं. त्याआधी दोनच महिने, नोव्हेंबर २०१३ मध्ये, बोइंगचं अवाढव्य मालवाहू ड्रीमलिफ्टर विचिटात मॅककॉनेल हवाई तळाऐवजी जबारा नावाच्या छोट्या विमानतळावर उतरलं. तिथे १९ ऐवजी १८. दोन्ही विमानांत जीपीएस होतं, नकाशाचा पडदाही होता.

आता लोकांना न पटणारी गोष्ट. अशा चुका धुक्यात किंवा पावसात सहसा होत नाहीत. त्या वेळी बाहेर काही दिसतच नसतं, त्यामुळे दोघेही पायलट मान खाली घालून आयएलएसच्या, म्हणजे रेडिओलहरींनी धावपट्टीकडे नेणाऱ्या यंत्रणेच्या, रेषेवर येतात. घोळ होतो स्वच्छ हवेत, बहुतेकदा रात्री. समोर दिव्यांची सुंदर रांग दिसते, कॅप्टन "रनवे इन साइट" म्हणतो, कंट्रोलर व्हिज्युअल अप्रोचची, म्हणजे डोळ्यांनी पाहून उतरण्याची, परवानगी देतो आणि त्या क्षणापासून नजर काचेबाहेर जाते. एकदा "तीच" असं मनाने ठरवलं की पुढे दिसणारं सगळं त्यातच बसवलं जातं. धावपट्टी आखूड वाटली तर "उंची जास्त आहे बहुतेक". दिवे थोडे वेगळे दिसले तर "काम चालू असेल". दुसरा पायलट टोकेल म्हणावं, तर त्यालाही तेच दिवे दिसत असतात.

यंत्र ओरडत का नाही? धावपट्टीशेजारचे चार पॅपी दिवे दोन पांढरे-दोन लाल दिसले की विमानाचा खाली येण्याचा उतार बरोबर. पण तो त्या धावपट्टीचा उतार. विमानतळ कुठला, हे पॅपी सांगत नाही. जमिनीजवळ आल्याची सूचना देणारी यंत्रणा आपल्या यादीतली सर्वांत जवळची धावपट्टी धरून हिशेब करते. तुम्ही चुकीच्या, पण यादीतल्या धावपट्टीवर नीट उतरत असाल तर तिच्या लेखी सगळं आलबेल असतं.

खरी तपासणी एका साध्या गुणाकारात आहे. तीन अंशांच्या उतारावर दर नॉटिकल मैलाला साधारण ३०० फूट उंची लागते. जमिनीपासून १५०० फुटांवर असाल तर धावपट्टी पाच मैलांवर हवी. पॅपी छान दोन-दोन दिसतोय, उंची १५०० आहे आणि पडद्यावर इच्छित धावपट्टीचं अंतर अकरा मैल, तर समोरची धावपट्टी तुमची नाही. तिथेच गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. हे जमण्यासाठी हवा कितीही स्वच्छ असली तरी आयएलएस लावायचा, त्याची मोर्स ओळख (रेडिओवर मोर्स संकेतांत ऐकू येणारं त्याचं नाव) तपासायची आणि उतरण्याचा ठरलेला मार्ग विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये भरायचा. हा त्रास थोडक्याच वेळाचा आहे आणि तो टाळणाऱ्याची मला अजिबात कीव येत नाही.

आपल्याकडे काय? मुंबईत बहुतेक विमानं कंट्रोलर रडारवर वळवून आयएलएसवर आणून सोडतात, म्हणून धोका कमी. शून्य नाही. मुंबईच्या २७ वर (त्याच ०९ च्या उलट टोकाने) येणारं विमान कोपरखैरणे-घाटकोपरच्या रेषेवर येतं. पूर्वेकडून येताना त्याला नवी मुंबईची २६ आधी दिसणार, डाव्या हाताला. ती ३७०० मीटर लांब, कोरी आणि झगझगीत. दोन्ही विमानतळांत हवाई अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत. इथे जुहूसारखी धावपट्टी संपण्याची भीती नाही, दोन्हीकडे लांबी भरपूर आहे. भीती आहे ती दुसऱ्या विमानाची: ज्या टॉवरला तुम्ही येताय हे ठाऊकच नाही, त्याने तुमच्या समोर कुणाला तरी टेकऑफसाठी उभं केलेलं असेल. नवा विमानतळ जुन्याशेजारी आला की अशी गल्लत होते, याचा ताजा दाखला झांबियातल्या एनडोलाचा. एप्रिल २०२१ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं मालवाहू विमान बांधकाम चालू असलेल्या, न उघडलेल्या विमानतळावर उतरलं.

ब्रॅन्सननंतर अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने एक शिफारस केली: गल्लत होऊ शकणारा विमानतळ विमानाने मागे टाकेपर्यंत कंट्रोलरने उतरण्याची परवानगीच देऊ नये. माझ्या मते इथेही व्हिज्युअल अप्रोच देताना हाच नियम लावावा. लंडनवाल्यांनी तर १९६० मध्ये पॅन अॅमचं ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरल्यावर वाटेतल्या गॅसच्या टाक्यांवर मोठ्या अक्षरांत विमानतळांची आद्याक्षरं रंगवली होती. ओबडधोबड उपाय, पण पायलट बघतो तिथेच केलेला.

आणि "मग उतरलेलं विमान परत कसं नेतात?" हेही विचारलं जातंच. धावपट्टी आखूड असेल तर प्रवासी आणि सामान रस्त्याने पाठवतात, इंधन गरजेपुरतंच ठेवतात, ब्रेक आणि टायर तपासतात. मग त्या दिवसाचं तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी धरून वजन बसतंय का ते पाहतात. बसत नसेल तर आणखी वजन उतरवतात, नाहीतर समोरून चांगला वारा किंवा थंड सकाळ मिळेपर्यंत थांबतात. साउथवेस्टचं ७३७ दुसऱ्याच दिवशी रिकामं उडालं.