चेकसम बंद करून राउटर पळत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

राम राम. चेकसम म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का हे तपासायची बेरीज, आणि फॉरवर्डिंग म्हणजे राउटरने आलेलं पॅकेट पुढे पाठवणं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात जुन्या पीसीवर लिनक्सचा नॅट (पॅकेटांचे पत्ते बदलणारा) राउटर चालवणाऱ्या वाचकाने लिहिलंय: "फॉरवर्डिंगमध्ये चेकसम स्वस्त असतो हे तुमचं म्हणणं पुस्तकी आहे. टीसीपीडंप 'इनकरेक्ट' दाखवत होतं म्हणून ईथटूलने आरएक्स-टीएक्स चेकसम दोन्ही बंद केले. गिगाबिट भरत नाहीच, उलट सीपीयू आणखी चढला." (टीसीपीडंप पॅकेटं पकडून दाखवतं, ईथटूल नेटवर्क कार्डाची सेटिंगं बदलतं; आरएक्स म्हणजे येणारं, टीएक्स म्हणजे जाणारं.)

आधी माझी चूक. मूळ लेखात दोन वेगळ्या चेकसमना मी एकच शब्द वापरला. आयपीव्ही४ चा चेकसम फक्त हेडरचा, म्हणजे पॅकेटच्या पुढच्या पत्त्याच्या भागाचा, बहुधा २० बाइटांचा. टीसीपीचा मात्र आतल्या सगळ्या मालाचा. चादरींचा गठ्ठा निघाला की ट्रान्सपोर्टवाला वरची चिठ्ठी वाचतो, गठ्ठा सोडून चादरी मोजत नाही. निव्वळ फॉरवर्डिंग तेवढंच.

त्यातही टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) ६४ चा ६३ झाल्यावर लिनक्स हेडरची बेरीज नव्याने करत नाही. हेक्समध्ये टीटीएल असलेल्या शब्दात ४०११ चं ३एफ११ झालं, तर जुन्या चेकसममध्ये, म्हणजे बी८६१ मध्ये, ०१०० मिळवून बी९६१, आणि हातचा आला तर १ परत मिळवायचा. हे नुसतं वेगासाठी नाही. रॅममध्ये हेडरचा बिट उलटला तर या पद्धतीत ती चूक पुढच्या राउटरला सापडते. नव्याने मोजलं तर बिघडलेल्या हेडरवर आपणच बरोबरचा शिक्का मारतो. येणाऱ्या हेडरची पडताळणी बंद करायची सोय राउटरने देऊच नये, असं राउटरांचे नियम सांगणारं १९९५ चं आरएफसी १८१२ बजावतं.

आता तुमचा सीपीयू. 'आरएक्स ऑफ' म्हणजे तपासणी बंद नव्हे. कार्डाचं काम सीपीयूच्या गळ्यात. नॅट आहे म्हणजे कॉनट्रॅक (चालू जोडण्यांची नोंद ठेवणारा लिनक्सचा भाग) आहे, आणि तो मूळ सेटिंगमध्ये टीसीपीचा चेकसम तपासतो. जीआरओ (आलेली लहान पॅकेटं जोडून मोठं करणारा भाग) चालू असेल तर त्याआधी तोच मोजतो. म्हणजे इथे गठ्ठा सुटलाच: १५०० बाइटांच्या पॅकेटमागे ६४ बाइटांच्या सुमारे २४ कॅशलाइनी (सीपीयू मेमरीतून एकदम उचलतो ते तुकडे). शिवाय टीएक्स बंद केल्याने टीएसओही (मोठं पॅकेट कार्डाने तोडणं) गेलं, त्यामुळे जीआरओने जोडलेली पॅकेटं पुन्हा तोडणं सीपीयूकडेच.

आणि तो 'इनकरेक्ट'? राउटरवरून निघणारं पॅकेट टीसीपीडंप कार्डाच्या आधी पकडतं, तेव्हा चेकसम भरायचाच असतो. खात्री हवी तर समोरच्या मशीनवर पकडा.

दोन्ही परत चालू करून पर्फ टॉप (सीपीयूचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावा. सीसम-पार्शल (चेकसम मोजणारं फंक्शन) वर दिसलं तर कार्ड अजून मदत करत नाहीये. फिब-टेबल-लुकअप (पॅकेटचा मार्ग शोधणारं) किंवा कॉनट्रॅकची नावं वर असतील तर चेकसमचा विषय संपला. मग सॉफ्टनेट-स्टॅट (लिनक्सची पॅकेटांच्या मोजणीची फाइल) बघा: ओळ एका सीपीयूची, आकडे हेक्समध्ये, दुसरा रकाना टाकून दिलेल्या पॅकेटांचा, तिसरा एका फेरीचं बजेट संपून काम अर्धवट राहिल्याचा. पहिला, हाताळलेल्या पॅकेटांचा रकाना एकाच ओळीत वाढत असेल तर सगळा भार एका कोरवर आहे. जुन्या एका क्यूच्या कार्डांचं हे नेहमीचं दुखणं. तिथे आरपीएस (पॅकेटांचं काम अनेक कोरांत वाटणं) लावा.

पॅकेटचा सरासरी आकारही कळवा. पूर्ण आकाराच्या फ्रेम असतील तर गिगाबिटला सेकंदाला ८१ हजार पुरतात, ६४ बाइटांच्या असतील तर १४.८८ लाख लागतात, म्हणजे एकीला जेमतेम ६७२ नॅनोसेकंद.