पेशंट गेल्यावर हॉस्पिटलनं आधी कोणाशी बोलायचं?

हॉस्पिटलमध्ये अघटित घडलं की तासाभरात प्रेसनोट निघते. 'रुग्ण अत्यवस्थ होता, शर्थीचे प्रयत्न केले.' नातेवाईक मात्र आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर, हातात मेडिकलची बिलं धरून बसलेले असतात. त्यांना कोणी काही सांगितलेलं नसतं.

मार्च-एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाच्या बाबतीत जे झालं, त्यानं मी अजूनही अस्वस्थ होते. जुळ्यांची आई होऊ घातलेल्या महिलेच्या घरच्यांकडे दहा लाखांचं डिपॉझिट मागितल्याचा आरोप होता. दुसऱ्या हॉस्पिटलात बाळंतपण झालं आणि ती गेली. मग रुग्णालयाच्या अंतर्गत समितीचा अहवाल बाहेर आला आणि त्यात तिची खाजगी वैद्यकीय माहिती! गेलेल्या बाईचा आजार, तिचं गरोदरपण चॅनेलवर चघळलं गेलं. राज्य महिला आयोगानं त्यावर आक्षेप घेतला, ते योग्यच झालं. इमर्जन्सीत डिपॉझिट न घेण्याचा निर्णय रुग्णालयानं नंतर जाहीर केला. चांगला निर्णय, पण तो यायला आधी रस्त्यावर आंदोलनं व्हावी लागली. पेशंटची फाईल ही हॉस्पिटलची ढाल नव्हे. डॉक्टरांच्या आचारसंहितेतही गोपनीयता आहेच, आणि पेशंट दगावला म्हणून ती संपत नाही.

सरकारी दवाखान्यांचीही तीच गत. २०२३ मध्ये नांदेडला २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. रुग्णालयाचे अधिष्ठाता सांगत होते की हाफकिनकडून, म्हणजे तेव्हा सरकारी रुग्णालयांसाठी औषधं घेणाऱ्या संस्थेकडून, औषधखरेदी झाली नाही, आणि प्रशासन म्हणत होतं औषधसाठा पुरेसा आहे. बाळ गमावलेल्या आईबापानं यातलं खरं काय धरायचं?

माझं म्हणणं साधं आहे. कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी सीनियर डॉक्टरांनी स्वतः घरच्यांना वेगळ्या खोलीत बसवून सांगावं: काय झालं, काय अजून आम्हालाच कळलेलं नाही, आणि पुन्हा कधी भेटू. केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यायचे असा नियम आहे, त्यासाठी खेटे घालायला लावू नयेत. 'वाईट वाटतं' म्हटलं तर कोर्टात अंगलट येईल, असं वकील सांगतात. पण दुःख व्यक्त करणं आणि निष्काळजीपणा कबूल करणं यातला फरक लोकांना नक्की कळतो.

आणि हो, वॉर्डातल्या सिस्टर आणि गेटवरचे वॉचमन यांनाही सांगा. जमावाला पहिलं तोंड तेच देतात, आणि व्यवस्थापनाची भूमिका काय ते त्यांना टीव्हीवरून समजतं.