सन त्झू, एमआयडीसी भोसरी

आमच्या साहेबांना दर जानेवारीत एक तत्त्वज्ञान होतं. लागण बहुधा विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात होते, पहिली लक्षणं सोमवारच्या मीटिंगमध्ये दिसतात, आणि पुढच्या वर्षाचा बिझनेस प्लॅन मार्चअखेर बँकेकडे गेला की ताप उतरतो. मागे एकदा जपानी झालं होतं. त्याची खूण म्हणून शॉपफ्लोअरवर 'सेइरी, सेइतोन, सेइसो' अशी पाटी अजून लटकते आहे. यातलं सेइसो म्हणजे स्वच्छता, हे पाटीवरची धूळ पुसली तर वाचता येतं. मग चाणक्य झाला. तो जरा जास्त दिवस राहिला, कारण साम, दाम, दंड, भेद यांतला दाम सोडला तर बाकी सगळं बिनखर्चाचं होतं. यंदा चीन.

आम्ही भोसरीत रबराचे ऑइल सील आणि गॅस्केट बनवतो. ऑइल सील म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, माझ्या घरातही कोणाला ठाऊक नाही. मी प्लॅनिंगला आहे. म्हणजे साहेबांच्या मनात येईल ते एक्सेलमध्ये बसवायचं, आणि एक्सेलमध्ये बसणार नाही ते पॉवरपॉइंटमध्ये. त्यामुळे पुस्तकं वाचायची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. साहेबांनी मलपृष्ठ वाचलं होतं.

सुरुवात अर्थातच प्राचीन चीनमधला सेनापती सन त्झू याच्या युद्धावरच्या 'आर्ट ऑफ वॉर'पासून. अवघी १३ प्रकरणं. १९७२ साली शानतुंग प्रांतात हान राजवटीच्या काळातल्या थडग्यांमध्ये बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली त्याची प्रत सापडली. बांबूच्या पट्टीवर जेमतेम एक ओळ मावते, म्हणून माणूस मोजकं बोलला असावा. स्लाइड असत्या तर सन त्झूलाही आवरलं नसतं.

पहिला परिणाम असा झाला की कॉन्फरन्स रूमच्या दारावर 'वॉर रूम' असा कागद चिकटला. आत टेबल तेच, गळका एसी तोच, एसीखालची बादलीही तीच.

"शत्रू कोण?" साहेबांनी मार्करचं टोपण काढत विचारलं.

सगळे गप्प. आम्हाला वाटलं, जीएसटी. पण साहेबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडची कंपनी. तीही ऑइल सीलच बनवते, तेव्हा शत्रू व्हायला हरकत नव्हती. अडचण एवढीच की त्यांचा आणि आमचा सीए एकच, आमचा कॉम्प्रेसर बसला की त्यांचाच फिटर येतो, आणि गणपतीची वर्गणी दोन्ही मालक आपसात ठरवून सारख्याच आकड्याची देतात. खरेदी खात्यातले काका म्हणाले, "साहेब, आपली फोर्कलिफ्ट शत्रूकडे गेलीये. युद्ध सुरू व्हायच्या आधी आणवू का?"

सन त्झूचं शेवटचं प्रकरण हेरांवर आहे. साहेबांनी नेमकं तेच आधी घेतलं. हेर पाच प्रकारचे: शत्रूच्या मुलखातली स्थानिक माणसं, शत्रूच्या दरबारातले अधिकारी, शत्रूचेच हेर फोडून आपले केलेले, खोटी माहिती देऊन मुद्दाम मरायला पाठवायचे, आणि जिवंत परत येऊन बातमी सांगणारे. चौथा प्रकार मी वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप सेल्सच्या नव्या ट्रेनीकडे वळल्या. त्याचं प्रोबेशन अजून संपायचं होतं.

स्थानिक हेर म्हणून चहावाल्याची नेमणूक झाली, कारण त्याचा चहा दोन्हीकडे जातो. त्याने पहिल्याच आठवड्यात बातमी आणली: तिकडे रोज चोवीस कटिंग जातात, आज एकतीस गेले. साहेब खुर्चीतून उठलेच. नवव्या प्रकरणात सन त्झू सांगतो की धूळ उंच आणि सरळ उडाली तर रथ येताहेत, बसकी आणि पसरट असेल तर पायदळ. छावणीवर पक्षी जमले तर छावणी रिकामी आहे. भोसरीत धूळ बारा महिने सगळ्या प्रकारची उडते, म्हणून साहेबांनी चहावर भिस्त ठेवली. सात जादा चहा म्हणजे सात जादा माणसं, म्हणजे नवी शिफ्ट, म्हणजे चाकणची मोठी ऑर्डर त्यांच्याकडे चालली. संध्याकाळपर्यंत आम्ही आमचं कोटेशन तीन टक्क्यांनी खाली आणून पाठवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. ते सात जण आमचेच होते. फोर्कलिफ्ट आणायला गेले होते, त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नव्हतं.

हेरगिरी थंडावल्यावर शिस्तीचा विषय आला. इतिहासकार सिमा च्येन याने लिहिलेली सन त्झूची एक गोष्ट साहेबांना फार आवडली. वू देशाच्या राजाने परीक्षा म्हणून त्याला जनानखान्यातल्या १८० स्त्रियांना कवायत शिकवायला सांगितलं. सन त्झूने दोन तुकड्या केल्या आणि राजाच्या दोन लाडक्यांना तुकडीप्रमुख नेमलं. हुकूम सोडला, तर सगळ्या खिदळल्या. सन त्झू म्हणाला, हुकूम स्पष्ट नसेल तर चूक सेनापतीची. त्याने पुन्हा सगळं समजावलं, पुन्हा हुकूम सोडला, त्या पुन्हा हसल्या. आता हुकूम स्पष्ट असूनही पाळला जात नाही म्हणजे चूक प्रमुखांची, असं म्हणून राजा नको नको म्हणत असताना त्याने दोघींची मुंडकी उडवली. त्यानंतर कवायत उत्तम झाली.

"याला म्हणतात अकाउंटेबिलिटी," साहेब म्हणाले. हुकूम स्पष्ट नसेल तर चूक सेनापतीची, हे वाक्य मी स्लाइडवर ठळक अक्षरात घातलं होतं. स्लाइड लांब होतेय म्हणून ते काढायला सांगण्यात आलं. त्याच दुपारी आम्हा सगळ्यांना साहेबांचा मेल आला, तो पूर्ण देतो: "त्या पार्टीचं ते आजच बघून घ्या." कोणती पार्टी, त्यांचं कोणतं ते, आणि कोणी बघायचं, यावर वॉर रूममध्ये संध्याकाळपर्यंत चर्चा झाली. विचारायला कोणी गेलं नाही. मुंडक्यांची गोष्ट ताजी होती.

आता हातोड्याचं सांगतो. चिनी तत्त्वज्ञान धंद्यात चालतं याचा पुरावा म्हणून साहेबांनी हायर या चिनी फ्रिज कंपनीचं उदाहरण घेतलं. तिचा कारखाना आपल्या रांजणगावलाच आहे, त्यामुळे मुद्दा जवळचा वाटला. १९८५ साली छिंगताओच्या फ्रिज कारखान्यात झांग रुईमिन या प्रमुखाने ७६ सदोष फ्रिज बाजूला काढायला लावले आणि कामगारांच्याच हातात हातोडे देऊन ते फोडून घेतले. स्वतःही एक घाव घातला. त्या काळी चीनमध्ये एक फ्रिज म्हणजे कामगाराची वर्षावर्षांची कमाई. लोक रडत रडत फोडत होते म्हणतात. हा झांग पुढे प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेची वचनं सांगण्याबद्दलही नावाजला, आणि तो हातोडा संग्रहालयात गेला.

साहेबांनी स्टोअर्समधून नऊ किलोचा घण काढवला. रिजेक्शनचे सगळे ऑइल सील अंगणात ओतले. सगळ्या शिफ्ट जमा झाल्या. साहेबांनी बाह्या सरसावल्या, छिंगताओवर दोन शब्द बोलले, आणि पहिला घाव घातला.

रबर. फ्रिज फुटतो. रबर घणाला आला तसा परत पाठवतं. घण साहेबांना घेऊन तीन पावलं मागे गेला. ज्या सीलवर घाव बसला तो उडाला तो थेट सिक्युरिटीच्या केबिनवर. मोल्डिंगच्या फोरमनने वाकून दुसरा उचलला, दोन्ही बाजूंनी निरखला आणि अगदी मनापासून म्हणाला, "साहेब, काही झालं नाही याला. हा पास करायला हरकत नाही." क्वालिटीच्या माणसाने तिथेच गेज लावून पाहिला. आमच्या रबराच्या दर्जाबद्दल इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. घण परत स्टोअर्समध्ये गेला. रजिस्टरात कारणाच्या रकान्यात 'तत्त्वज्ञान' असं लिहिलंय.

मग एचआरच्या मॅडमना हान फेइ हा चिनी विचारवंत सापडला. हा कडक कायद्याचा पुरस्कर्ता. त्याची गोष्ट अशी: हान देशाचा राजा दारू पिऊन उघड्यावर झोपला. मुकुट सांभाळणाऱ्या सेवकाने थंडी वाजेल म्हणून अंगावर कोट घातला. राजा उठला, कोट कोणी घातला विचारलं, आणि दोघांनाही शिक्षा केली. कोट सांभाळणाऱ्या सेवकाला, कामात कसूर केली म्हणून. मुकुटवाल्याला, दुसऱ्याचं काम केलं म्हणून. मॅडमनी ही गोष्ट केआरएच्या, म्हणजे कोणाचं काम कोणतं ते ठरवणाऱ्या, फॉर्मला जोडून सगळ्यांना पाठवली. तेव्हापासून गच्चीवरची पाण्याची टाकी रोज सकाळी वाहते, आणि पंपाचं बटण मेंटेनन्सच्या केआरएत असल्याने बाकीचे आम्ही हाताची घडी घालून पाणी बघत उभे राहतो. मनाला फार शांत वाटतं.

या सगळ्या वाचनात माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती आणि ती सांगायची सोय नव्हती. ही पुस्तकं मुळात राजांसाठी. प्रजेनं काय करावं यापेक्षा राजानं काय करू नये, हेच त्यांत जास्त. तबेल्याला आग लागली तेव्हा कन्फ्युशियसने माणसांना इजा झाली का एवढंच विचारलं, घोड्यांचं विचारलं नाही. सोंग देशातल्या एका शेतकऱ्याची कन्फ्युशियसच्या परंपरेतला मेन्शियस चेष्टा करतो: रोपं लवकर वाढावीत म्हणून याने एकेक रोप वर ओढलं आणि घरी येऊन म्हणाला, आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत जाऊन बघतो तर सगळी सुकलेली. साहेब हे वाचून म्हणाले, "बरोबर आहे, सेल्सवाले असंच करतात," आणि चाकणच्या ऑर्डरचं काय झालं ते विचारायला ट्रेनीला त्या दिवशी चौथ्यांदा फोन करायला लावला. चाकणच्या माणसाने आता आमचा नंबर ब्लॉक केलाय.

आणि एवढं ज्ञान देऊन या मंडळींचं स्वतःचं काय झालं? कन्फ्युशियस सल्लागाराची नोकरी शोधत वर्षानुवर्षं या राज्यातून त्या राज्यात हिंडला. हान फेइ इ. स. पू. २३३ मध्ये छिन राज्याच्या तुरुंगात विष घेऊन मेला, तेही जुन्या सहाध्यायाच्या कारस्थानामुळे. च्वांग त्झू या तत्त्वज्ञाला छू देशाच्या राजाने थेट प्रधानकीची ऑफर दिली, तर तो म्हणाला, मी चिखलात शेपूट ओढत जगणारं कासव बरा. लाओत्से दंतकथेप्रमाणे देश सोडूनच निघाला होता, नाक्यावरच्या अधिकाऱ्याने अडवून आधी पुस्तक लिहायला लावलं. टोलनाक्यावर थांबवल्याचा एवढा फायदा जगात दुसऱ्या कोणाचा झाला नसेल.

लाओत्सेच्या 'ताओ ते चिंग'मध्ये ८१ छोटी प्रकरणं. त्यातलं साठावं सुरू होतं ते असं: मोठा देश चालवणं म्हणजे लहान मासा तळणं. १९८८ साली अमेरिकेच्या संसदेपुढे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीही हे सांगितलं होतं. ही स्लाइड लागली आणि साहेब थांबले. ते पडले शाकाहारी. "यात लीडरशिप कुठे आली?"

खरेदीतले काका मालवणचे. सबंध प्लॅनिंगमध्ये पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मांदेली सारखी परतूची नसता, साहेब. तव्यात टाकली की गप ऱ्हवायचं. दर मिनिटाला उलथनं घातलंत तर मासा राहत नाही, भुगा होतो."

वॉर रूममध्ये एसीचं पाणी बादलीत पडताना ऐकू येत होतं.

साहेबांनी मनावर घेतलं. खरंच घेतलं, त्यांचं हे मानलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वू-वेइ, म्हणजे ओढाताण न करता कारभार, सुरू केला आणि ते महाबळेश्वरला गेले. कारखान्यात त्या आठवड्यात जे घडलं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. डिस्पॅच वेळेवर गेलं. अडकलेली दोन पेमेंट आली. टाकीचा पंप कोणीतरी, कोणी ते विचारू नका, बंद केला. ट्रेनीने दुसऱ्या नंबरवरून चाकणला फोन करून माफी मागितली आणि ऑर्डर पक्की केली, आधीच्याच भावात. तीन टक्क्यांचं कोटेशन त्या माणसाने उघडलंच नव्हतं. सतराव्या प्रकरणात लाओत्से म्हणतो, उत्तम राजा तो, ज्याचं असणं प्रजेला जेमतेम ठाऊक असतं. फक्त महाबळेश्वरहून तासातासाला ग्रुपवर मेसेज येत होते: "मी काही करत नाहीये. पण काय चाललंय?" तीन मिनिटांत उत्तर गेलं नाही तर नुसतं प्रश्नचिन्ह.

आठवड्याने साहेब परतले. ऑर्डरचं कळल्यावर म्हणाले, "बघितलंत? मी काही केलं नाही म्हणून झालं." पेढेही त्यांनीच वाटले.

राहता राहिली माकडं. च्वांग त्झूची ही गोष्ट मी स्लाइडवर घेतली होती, पण साहेबांनी ती मीटिंगमध्ये दाखवली नाही. "ही राहू दे माझ्याकडे," म्हणाले. एक माकडवाला माकडांना म्हणतो, दाणे सकाळी तीन माप देईन, संध्याकाळी चार. माकडं खवळतात. बरं, मग सकाळी चार, संध्याकाळी तीन. माकडं खूश.

एप्रिलमध्ये इन्क्रिमेंटची पत्रं आली. दरमहा एक हजार रुपये वाढ, सरसकट. तळाच्या बारीक ओळीत वार्षिक इन्सेंटिव्ह बारा हजारांनी कमी. एक्सेल मीच केली होती, बेरजेच्या रकान्यात जुना आणि नवा आकडा तंतोतंत जुळतोय हे दोनदा तपासूनच मी ती पाठवली होती. कॅन्टीनमध्ये टाळ्या पडल्या. मॅडम खूश, फोरमन खूश, काकांनी तर संध्याकाळी सुरमई आणायचं जाहीर केलं. मीही बाहेर येऊन घरी फोन लावला.

"पगार वाढला! महिन्याला हजार!"

"बोनस धरून वर्षाचं सांग," बायको म्हणाली.

मी म्हणालो, आवाज तुटतोय, इथे रेंज येत नाही.