एक ओळ लिहायला काय जातं?

दुपारपासून डोकं फिरलंय. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोराने ओढायच्या मोठ्या मासेमारीच्या जाळ्याचं, काहीतरी शोधत होतो, एका ऑनलाइन ज्ञानकोशातला लेख उघडला आणि दुसऱ्याच ओळीला थांबलो. "दोराच्या दोन्ही टोकांना गाव आणि मधे दर्या." अहो हे आमच्या अण्णांचं वाक्य आहे! वीसेक वर्षांपूर्वी देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत त्यांनी रापणीवर चार पानं लिहिली होती, देवगडकडच्या म्हाताऱ्या रापणकारांकडे जाऊन, त्यांच्या पडवीत तासन्‌तास बसून. ती चारही पानं जशीच्या तशी चिकटवलीत. खाली संदर्भ? शून्य.

आणि योगायोग असेल असं कोणी म्हणू नका. छापखान्यात '८० माणसं'ची '८०० माणसं' झाली होती. अण्णांनी सगळे गठ्ठे सोडून, निळ्या पेनाने एकेका प्रतीतलं ते जास्तीचं शून्य खोडलं, मी शेजारी बसून पान उघडून देत होतो. एखादी प्रत सुटली असणार. लेखात ८००च आहे. एक रापण ओढायला ८०० माणसं!! चोरताना वाचलं तरी होतं का?

माहिती सगळ्यांची असते, मान्य. वाक्यं नसतात. आपल्याकडे लेखक गेल्यावरसुद्धा ६० वर्षं कॉपीराइट राहतो, अण्णा तर अजून रोज बाजारात चालत जातात. आणि स्वतःच्या शब्दात लिहिलंत तरी कुठून घेतलं ते सांगायचंच असतं, लेखक, स्मरणिका, साल, पान, बास. फुकट वेळ घालवून लिहितात ही ज्ञानकोशाची मंडळी, तेही खरंय.

पण विजयदुर्गाचं बघा ना. १८६८ च्या सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने किल्ल्यावरून हेलियम शोधला हे आपण सगळेच छाती फुगवून सांगतो, मीही सांगायचो. ग्रहण १८ ऑगस्टला, तेव्हा या शोधात ज्याचं नाव लॉकियरसोबत घेतात तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला, आणि लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली ती हेलियमची पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून. एकाने लिहिलं, दहांनी उतरवलं, संदर्भ कोणी मागितलाच नाही. उद्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये रापणीला ८०० माणसं येतील, आणि ती चूक दुरुस्त करायला मूळ प्रत कुठे शोधायची हेच कोणाला कळणार नाही.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. मी तावातावाने बोलत होतो, लेखाच्या चर्चापानावर लिहितो, तुमचं नाव घालायलाच लावतो वगैरे. ते जरा वेळ गप्पच. मग म्हणाले, "नाव मागसून घाल रे, आधी तां ८०० चा ८० कर."