थीम पार्क काढताय? मग गोष्ट घरी ठेवून या

परवा इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खाताना तुम्ही हळूच सांगितलंत की सासऱ्यांची बायपासपलीकडची जमीन एकदाची वादातून सुटली. मॅरेज गार्डन आता इंदुरात पैशाला पासरी झालीत, म्हणून तिथे थीम पार्क काढायचं मनात आहे. इथवर सगळं ठीक होतं. मी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत "वा, वा" म्हणत होतो. मग तुम्ही थैलीतून वही काढलीत.

वहीत गोष्ट होती! माळव्यातली एक मुलगी, तिच्या आजीचा हरवलेला पोपट, त्याच्या शोधात ती पातालपानीच्या धबधब्याखाली उतरते आणि थेट पाताळात पोचते. पहिली राइड म्हणजे तिचं उतरणं, दुसरी म्हणजे आपल्या सराफ्यासारखा पाताळातला रात्रीचा खाऊबाजार, आणि शेवटी राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर पोपट सापडतो. नऊ पानं, बारीक अक्षरात. पोपट मान वळवून काय म्हणतो तेसुद्धा लिहिलेलं. एवढंच नाही, पार्कातल्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहिलं तरी माणसाला आपण गोष्टीत नेमके कुठे आहोत ते कळलं पाहिजे, असं तुम्ही लाल शाईने अधोरेखित केलंय.

तेव्हापासून मला झोप नाही. तुमचं वाईट व्हावं अशी माझी इच्छा नाही, सासऱ्यांचं तर मुळीच नाही. म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगतो.

गोष्ट काढून टाका. तिच्या जागी चेहरा ठेवा. गोष्ट ऐकायला वेळ लागतो, चेहरा तिकीटखिडकीवरूनच ओळखू येतो. तुमच्या पोपटाची ओळख करून द्यायला तुम्हाला पदरचे पैसे घालावे लागतील. ज्याचा सिनेमा येऊन गेलाय त्याची ओळख पोराला आधीच झालेली असते, पोर घरातून निघतानाच त्याचा शर्ट घालून निघतं. हे मी मनाचं सांगत नाही. या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या घराण्याने हेच केलंय, फक्त त्यांना समजायला वेळ लागला.

त्यांचे मूळपुरुष वॉल्ट डिस्ने. त्यांनी 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात पहिलं पार्क उघडलं तेव्हा भोवती मातीचा उंच बांध घातला, बाहेरचं जग आतून दिसू नये म्हणून. बाहेर काय होतं? रस्ते, मोटारी, घरं. म्हणजे जे आपल्या बायपासवर आहे तेच. पण या गृहस्थाला ते खुपत होतं. पुढची हकिकत त्या घराण्यात अजून सांगतात. म्हणे एकदा त्यांनी 'उद्याच्या जगात', म्हणजे पार्कातल्या भविष्यकाळाच्या विभागात, एक काउबॉय चालताना पाहिला. बिचारा कामावर निघाला होता, त्याचं जुनं पश्चिमेकडचं गाव पलीकडे होतं आणि जायची वाट भविष्यकाळातून होती. वॉल्टसाहेब अस्वस्थ झाले. आपल्याकडे गणपतीत राक्षसाचं काम करणारा मुखवटा वर सरकवून चहा पितो तेव्हा कोणी अस्वस्थ होत नाही, उलट त्याला बिस्कीट देतात.

1971 साली फ्लोरिडात दुसरं पार्क उघडलं तेव्हा वॉल्टसाहेब जाऊन पाच वर्षं झाली होती, पण तो काउबॉय घराण्याच्या डोक्यातून गेला नव्हता. कामगारांच्या ये-जा करण्यासाठी खाली बोगदे काढले. फ्लोरिडात खणलं की लगेच पाणी लागतं, म्हणून बोगदे जमिनीवरच बांधले, त्यावर माती टाकली आणि अख्खं पार्क दुसऱ्या मजल्यावर उभं केलं. का, तर एका काउबॉयने चुकीच्या शतकातून चालू नये म्हणून. इंदुरातला कोणताही बिल्डर हा नकाशा पाहील तर विचारेल, "भिया, खाली पार्किंग का नाही काढलं?"

आता तिथेच काय झालं ते बघा. त्या जुन्या पश्चिमेकडच्या गावाला लागून एक नदी होती. नदीत बेट, बेटावर मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरच्या गुहा आणि झुलते पूल, आणि भोवती फिरणारी चाकाची बोट. जुलै 2025 मध्ये नदी, बेट, बोट, सगळं बंद केलं. तिथे डोळे मिचकावत बोलणाऱ्या मोटारींच्या सिनेमाचा विभाग यायचाय. काउबॉयला भविष्यातून जायला बंदी, पण बोलत्या मोटारीला भूतकाळात येऊन डोंगर चढायला परवानगी. तुम्ही म्हणाल, हे बसतं कसं? नाही बसत. पण टॉम सॉयर 1876 सालचा, त्याच्यावर कोणाची मालकी उरलेली नाही. त्याची बाहुली कोणीही काढावी. आणि काढली तरी घेणार कोण? मोटार मात्र पोराच्या मुठीत मावते, आणि एका घरात एक पुरत नाही.

नॉर्वेचं तर आमच्या घरातलंच उदाहरण आहे. फ्लोरिडातल्याच एपकॉट नावाच्या पार्कात देशोदेशींची दालनं आहेत. 1988 साली नॉर्वेचं दालन झालं. बोटीत बसायचं, व्हायकिंग बघायचे, जंगलातले ट्रोल अंगावर यायचे, मग समुद्रातल्या तेलविहिरीपाशी वादळ, आणि बाहेर पडल्यावर नॉर्वेवरचा छोटा माहितीपट. तो पुष्कळ लोक चुकवत, हे खरं आहे, आणि तुमच्या नऊ पानांनी त्यातून बोध घ्यावा. 2014 मध्ये ती बोट बंद केली आणि 2016 मध्ये त्याच पाण्यावर 'फ्रोझन' या एल्सा राणीच्या सिनेमाची सफर सुरू केली. सिनेमातलं राज्य काल्पनिक, दालन खऱ्या देशाचं. पण थंडी दोन्हीकडे आहे, तेवढं नातं पुरतं. माझी भाची मुलीला घेऊन तिथे जाऊन आली. रामबागेतल्या घरी सगळ्यांना फोटो दाखवताना पोरगी म्हणाली, "हा एल्साचा देश." आमच्या आत्याने विचारलं, "म्हणजे कोणता गं?" पोरगी म्हणाली, "अगं, एल्साचा!" भाचीने सांगितलं की रांग दीड तासाची होती. माहितीपटाला कधी दीड तासाची रांग लागली असेल का? ही पोरगी घरी येऊन तीन दिवस आनंदात होती, हेही मी कबूल करतो. माझा युक्तिवाद इथे जरा लंगडतो, पण मी तुमच्याच बाजूने बोलतोय असं समजून पुढे वाचा.

पैशाचं गणित साधं आहे. या घराण्याने सिनेमातल्या पात्रांच्या कंपन्याच विकत घेतल्या: 2006 मध्ये पिक्सार 740 कोटी डॉलरला, 2009 मध्ये मार्व्हल सुमारे 400 कोटींना, 2012 मध्ये लुकासफिल्म त्याहून थोड्या जास्त रकमेला. एवढे चेहरे विकत घेतल्यावर ते कपाटात का ठेवतील? कॅलिफोर्नियात एक भुताटकीचं हॉटेल होतं, 1939 साली वीज पडून लिफ्टसकट माणसं नाहीशी झाल्याची त्याची गोष्ट होती. जानेवारी 2017 मध्ये बंद केलं आणि मे महिन्यात तेच हॉटेल अंगावर पाइप लावून मार्व्हलच्या सिनेमातल्या, अंतराळातल्या एका संग्राहकाचा किल्ला झालं. लिफ्ट तीच, पडते तशीच. आपल्याकडे मंगल कार्यालयात सकाळी मुंज आणि संध्याकाळी साखरपुडा असला की फक्त दारावरची पाटी बदलतात, त्यातलंच हे.

आणि तुमची स्वतःची गोष्ट चुकून चाललीच, तर त्यावरही उपाय आहे. समुद्री चाच्यांची राइड 1967 साली निघाली, तिच्यावरून 2003 मध्ये सिनेमा आला, आणि 2006 मध्ये सिनेमातला नायक राइडमध्ये नेऊन बसवला. नातू येऊन आजोबांच्या खुर्चीत बसला आणि घराला त्याचं नाव लागलं. लोक आता त्यालाच शोधत असतात, बाकीचे चाचे चाळीस वर्षांची नोकरी करून मागे उभे.

मात्र सावध करतो, उलटी उदाहरणंही तुमच्या कानावर घालणारे भेटतील. ते सांगतील की ऑरलँडोत 2010 साली युनिव्हर्सल या डिस्नेच्या प्रतिस्पर्धी कंपनीने हॅरी पॉटरचं गाव उभं केलं, तेही विकतच्या नावावर, पण आत छपरावरच्या बर्फापासून बटरबीअरच्या मगापर्यंत सगळं एकाच गोष्टीतलं आहे, आणि लोक रांगा लावून जादूच्या छड्या घेतात. नाव प्रसिद्ध असलं म्हणून गोष्ट सोडावी लागत नाही, असंही ते म्हणतील. हॉलंडमधलं 1952 चं एफ्टेलिंग दाखवतील, तिथे परीकथांच्या जंगलात कचऱ्याचा डबासुद्धा एक खादाड पात्र आहे, तोंड उघडून "कागद इकडे" म्हणतो. हे ऐकून तुम्ही पाघळाल, मला ठाऊक आहे. आपलं शहर सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलं, आपल्या कचरागाडीला गाणं आहे, मग आपल्या डब्याला गोष्ट का नको? नको. डब्यावर प्रायोजकाचं नाव लावा. डबा गप्प असला तरी भाडं देतो.

खऱ्या चेहऱ्यांचा परवाना आपल्याला परवडणार नाही, ही अडचण आहे. पण ती इंदुरात अडचण समजली जात नाही. उंदराचे कान जरा लांब ठेवा. वकिलाने विचारलं तर ससा, पोराने विचारलं तर तोच. पाताळातल्या सराफ्यात गराडू आणि भुट्ट्याचा कीस विकायचा तुमचा बेत होता, तोही सोडा. त्या सशाच्या डोक्याच्या आकाराची पॉपकॉर्नची बादली विका. कीस पानावर खाऊन संपतो, बादली घरी जाते. राइडमधून उतरलेला माणूस दुकानातूनच बाहेर पडला पाहिजे, एवढा एक नकाशा मात्र नीट काढा. सबंध पार्कात सुसंगती हवी असेल तर ती इथे दाखवा.

आता तुम्ही झांक्यांचं, म्हणजे मिलवाल्यांच्या गाड्यांवरच्या हलत्या देखाव्यांचं काढाल. अनंत चतुर्दशीला आख्खं इंदूर रात्रभर जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत गोष्टीच बघत उभं असतं की, असं म्हणाल. म्हणूनच आमच्या काकांना मी आधीच विचारून ठेवलंय.

काका मिलमध्ये फिटर होते. श्रावण लागला की पाळी संपल्यावर झांकीच्या शेडमध्ये. सायकलचं चाक, शिलाई मशीनचा पट्टा, आणि एका बाजूला फुगीर ठेवलेली लाकडी चकती. चकतीचा फुगीर भाग वर आला की कृष्णाचा पाय उचलला जाई, खाली गेला की कालियाच्या फण्यावर पडे. त्या फुगवट्याला काका कानशीने तासत बसायचे, कारण पाय धपकन पडला तर तो राग दिसतो, आणि कृष्ण रागावलेला नाही, नाचतोय. गाडी समोरून सरकायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात, गर्दीत मागे उभ्या असलेल्या, पाटी वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळलं पाहिजे की कोण कोणाला मारतंय आणि का. 'का' कळलं नाही तर काका चकती पुन्हा तासायला घेत.

धंद्याच्या दृष्टीने झांक्यांइतकं वाया गेलेलं उदाहरण दुसरं नाही. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली. कामगारांची देणी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. एवढ्या वर्षांत मिलची झांकी मात्र निघत राहिली. मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, या मिलांचंही थोडंफार तेच. डिस्ने घराण्यात गोष्ट मरते आणि कंपनी चालते. इथे कंपनी मेली आणि गोष्ट चालतेय, तीही वर्गणीवर. हे मॉडेल घेऊन बँकेत जाऊन बघा, मॅनेजर पाणीसुद्धा विचारणार नाही.

मागच्या वर्षी काकांना खुर्ची टाकून कृष्णपुऱ्याजवळ बसवलं होतं. पहाटे दोनच्या सुमारास एका मंडळाची गाडी आली. डोह, कालिया, फण्यावर कृष्ण, आणि डोहाच्या काठावर जाळी फेकणारा लाल-निळा परदेशी वीर. पोरं खांद्यावरून ओरडली, मोबाइल वर झाले, आख्खी गाडी पांढरी दिसू लागली. काका पुढे वाकून नीट बघत राहिले. मग मला म्हणाले, "अरे, हा कोणाच्या बाजूने आहे?"

मी म्हटलं, "काका, तो कोणाच्याच बाजूने नाही. तो फक्त आहे."

"मग त्याचा हात का हलतोय?"

याला उत्तर नव्हतं. गाडी पुढे गेली, टाळ्या त्या रात्रीच्या सगळ्यात मोठ्या. तुम्ही काकांचा प्रश्न विसरा आणि टाळ्या लक्षात ठेवा, सासऱ्यांना टाळ्यांचाच हिशेब द्यायचाय.

तर वही फेकू नका, मला आणून द्या. परवा मी बोलता बोलता काकांना तुमच्या पोपटाचं सांगून बसलो. त्यांनी माळ्यावरून जुनी लाकडी पेटी खाली काढायला लावली आहे. मी स्पष्ट सांगितलं, पोपट रद्द झालाय, त्याच्या जागी लांब कानांचा ससा येतोय. ते म्हणाले, "बरं बरं. पण पोपटाची मान एकाच बाजूला वळते की दोन्ही? दोन्ही वळत असेल तर चकत्या दोन लागतील."